दुकानाची पायरी आणि दुकानाचा गल्ला



आमच्या तालुक्याच्या गावात बायपास रस्त्याला गेल्या दिवाळीच्या आधी एक मोठे दुकान उघडले. मोठे म्हणजे केवढे, तर आमच्या शाळेचे सगळे पटांगण त्यात मावेल एवढे. पुण्या-मुंबईच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही, पण आमच्याकडे पहिल्या आठवड्यात जत्रा लोटली होती. एस.टी. स्टँडवरून रिक्षावाले "चला, मोठं दुकान, मोठं दुकान" असे ओरडत रिक्षा भरत होते. आमच्या महिला मंडळाच्या आठ-दहा जणी निघाल्या, त्यांत मीही होते. आणि हट्ट धरून आमच्या सासूबाईही निघाल्या. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे.

काचेचे दार आपोआप बाजूला सरकले. बाकीच्या जणी आत शिरल्या. सासूबाई मात्र बाहेरच थबकल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "चप्पल इथंच काढायची का गं?"

मी म्हटले, "नाही आत्या, चपलेसकट चला."

तरी त्या हलेनात. पदराच्या गाठीत बांधलेले पैसे त्यांनी मुठीत धरले होते आणि कोणीतरी बाहेर येऊन "काय पाहिजे?" असे विचारील म्हणून त्या वाट पाहत होत्या. दारावर गणवेश घालून उभा असलेला पोरगा आमच्याच वस्तीतला होता. त्याने त्यांना ओळखले. म्हणाला, "आजी, या की आत. इथं कुणी काही म्हणत नाही."

आत त्यांनी विकत काही घेतले नाही. तांदूळ, डाळी उघड्या ठेवल्या होत्या, तिथे त्या गेल्या. तांदळात हात घातला, मूठ भरली, सोडली. मग तूरडाळ, मग गूळ. साबणाच्या वड्या उचलून वास घेतला. परत येताना रिक्षात बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सगळ्या मालाला हात लावला. कुणी काही बोललं नाही."

आजच्या तरुण वाचकांना या वाक्याचा अर्थ कदाचित लागणार नाही, म्हणून थोडे मागे जाऊन सांगते.

सासूबाईंच्या लहानपणी त्यांच्या गावात वाण्याचे एकच दुकान होते. दुकानाला तीन पायऱ्या होत्या. आपल्या माणसाने खालच्या पायरीच्याही अलीकडे, रस्त्यावर उभे राहायचे. पैसे पायरीवर ठेवून मागे सरायचे. दुकानदार त्यावर पाणी शिंपडून ते उचलायचा. मीठ, मिरची, तेल हवे ते वरून पदरात किंवा भांड्यात टाकायचा. माल चांगला की वाईट, वजन बरोबर की कमी, हे पाहण्याची सोय नव्हती. किडकी डाळ आली तर घेऊन जायचे. बदलून मागायला पुन्हा पायरीशी उभे राहावे लागे, आणि गिऱ्हाइकी संपेपर्यंत उन्हात थांबावे लागे.

आणि हेच दुकान पुढे शस्त्रही होई. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० साली समितीने अहवाल दिला. अस्पृश्यांनी हक्क मागितला की गावकरी त्यांच्यावर सामाजिक बहिष्कार टाकतात, त्यांची शेतावरची कामे बंद करतात, वाटा अडवतात, आणि गावच्या वाण्याला त्यांना माल न देण्याचा हुकूम करतात, असे त्यात नमूद आहे. दुकान बंद म्हणजे चूल बंद. लाठी न उचलता वस्ती गुडघ्यावर आणायचा तो उपाय होता.

म्हणूनच आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकानांचा स्वच्छ शब्दांत उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला दुकानात जाण्यास आडकाठी करता येणार नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' या शब्दाचा अर्थ काय, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी सांगितले की, हा शब्द केवळ आत पाऊल टाकू देण्याच्या मर्यादित अर्थाने वापरलेला नाही. ठरलेल्या अटी मान्य असतील तर ती सेवा मिळालीच पाहिजे, असा त्याचा व्यापक अर्थ आहे. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही घटना समितीने मंजूर केले.

तेव्हा काचेच्या दारातून एक म्हातारी चपलेसकट आत जाते आणि तांदळात हात घालते, ही गोष्ट लहान नाही. वर्तमानपत्रांतून 'मोठी दुकाने आली, छोटा दुकानदार मेला' असे लेख येतात. त्यांत जुन्या दुकानाचे मोठे गोड चित्र असते. दुकानदार गिऱ्हाइकाला नावाने ओळखायचा, पोराच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायचा. आमच्या सासूबाईंनाही दुकानदार ओळखत असे. पण कशावरून ओळखत असे, हे वेगळे सांगायला नको.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग बरेच झाले की! मलाही त्या दिवशी तसेच वाटले होते. पण दुसऱ्या दिवशी मी आमच्या वस्तीतल्या दुकानात गेले.

आमच्या वस्तीत विहाराकडे वळणाऱ्या रस्त्यावर एका घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान आहे. ते एक वहिनी चालवतात. यजमान सूतगिरणीतून कमी झाले, तेव्हा वहिनींनी महामंडळाचे कर्ज आणि माहेरून मिळालेले दोन डाग यांवर हे दुकान उभे केले. महामंडळाच्या कचेरीत किती खेटे घातले, जामीनदार मिळवताना काय दमछाक झाली, ती वेगळी कथा आहे. पण उभे केले. वीस वर्षे चालवले. मुलगी शिकवली, ती आज परिचारिका आहे. टाळेबंदीच्या वर्षी, २०२० साली, वस्तीतल्या बिगारी कामगारांची चूल या एका दुकानाच्या वहीवर पेटत होती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

त्या दिवशी दुपारी वहिनी काऊंटरमागे रिकाम्या बसल्या होत्या. मी म्हटले, "वहिनी, धंदा कसा आहे?"

"बाई, तुम्हीपण गेला होता ना काल?" त्यांनी हसून विचारले.

मला खरे सांगावे लागले. त्या म्हणाल्या, "जा की. मी कोण अडवणार? मी स्वतः जाऊन आले. तिथं तेलाची पिशवी ज्या भावानं विकतात, त्या भावानं मला एजन्सीवाला देत नाही. मग मीच तिथून चार पिशव्या आणल्या आणि इथं ठेवल्या. सांगा, मी दुकानदार का गिऱ्हाईक?"

मग त्यांनी वही काढली. महिन्याचा किराणा रोखीने नेणारी अकरा घरे होती, त्यांतली आठ घरे आता बायपासला जातात. त्यांच्याकडे उरले कोण? एक रुपयाची शाम्पूची पुडी नेणारी पोरे, रात्री साडेनऊला चहापत्ती संपली म्हणून येणारे, आणि उधारीवाले. "रोख तिकडं, उधारी इकडं," वहिनी म्हणाल्या. "उधारी मी कशाच्या जिवावर देत होते? त्या रोखीच्या अकरा घरांच्या जिवावर. ती गेली, आता उधारीपण बंद करावी लागंल. मग ज्याच्या घरात शनिवारशिवाय पैसा येत नाही, त्यानं बुधवारी काय खायचं?"

हे वाक्य मला रात्री झोपू देईना. शिक्षिकेची सवय, म्हणून मी हिशेब समजून घ्यायला बसले.

मोठ्या दुकानात माल स्वस्त मिळतो, यात जादू नाही. समजा, एका वस्तूची छापील किंमत १०० रुपये आहे. ती कंपनीकडून एजन्सीकडे, तिथून घाऊक व्यापाऱ्याकडे आणि मग वहिनींकडे येते. प्रत्येक जण आपला वाटा काढतो. वहिनींना ती ९० रुपयांना पडते. मोठे दुकान कंपनीकडून थेट ट्रकभर माल उचलते आणि त्याला ती ८२ ला पडते. ते ८८ ला विकते आणि तरी ६ रुपये मिळवते. म्हणजे वहिनींच्या खरेदीपेक्षा त्यांची विक्री खाली! शिवाय ते उधार देत नाही, त्यामुळे बुडीत नाही. महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक असलेल्या डी-मार्टचे उदाहरण घ्या. २००२ साली मुंबईत पवईला त्यांचे पहिले दुकान निघाले. मार्च २०२५ अखेर देशभरात त्यांची ४०० च्या वर दुकाने झाली होती. शक्यतो जागा स्वतःच्या मालकीची घ्यायची, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून सवलत मिळवायची आणि सजावटीवर पैसा घालवायचा नाही, ही त्यांची रीत. धंदा म्हणून ही रीत वाईट नाही. उलट शिकण्यासारखी आहे.

पण स्पर्धा बरोबरीची आहे का? किराणा दुकानांना माल पोचवणाऱ्या वितरकांनीच २०२१ च्या अखेरीस तक्रार केली की, तोच माल कंपन्या बड्या साखळ्यांना आणि मोबाईलवरून विकणाऱ्या घाऊक कंपन्यांना कमी भावाने देतात. १ जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेट कंपनीचा काही माल उचलणेही थांबवले होते. टूथपेस्टसारख्या वस्तूवरून एवढे भांडण पेटले, कारण प्रश्न टूथपेस्टचा नव्हताच. दोन दारांना दोन भाव का, हा प्रश्न होता. आपल्या समाजाला तर तो चांगलाच ओळखीचा आहे.

काहींना आठवत असेल, सप्टेंबर २०१२ मध्ये परदेशी कंपन्यांना किरकोळ व्यापारात ५१ टक्क्यांपर्यंत भांडवल घालण्याची परवानगी दिली गेली, तेव्हा केवढे वादळ उठले होते. संसदेत मतदान झाले. त्या परवानगीला साधारणपणे १० लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांची अट होती. म्हणजे तालुक्याच्या गावाला धक्का लागणार नाही, असे लोकांना वाटले. पण देशातल्या कंपन्यांना तसली अट कधीच नव्हती. त्या आपल्या बायपासपर्यंत आल्या, तेव्हा कोणी मतदान घेतले नाही.

असो. आता मुद्द्याचे बोलते.

आपल्या समाजाचा आणि व्यापाराचा संबंध किती जुना आहे? जवळजवळ नाहीच. गावगाड्यात आपल्या वाट्याला वतनाची महारकी होती, तराजू नव्हता. शिक्षण मिळाले तेव्हा आपण नोकरीकडे गेलो, कारण नोकरीत राखीव जागा होत्या आणि धंद्याला भांडवल नव्हते. नुसते भांडवलच नव्हे, गिऱ्हाईकही नव्हते. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला परतल्यावर खुद्द बाबासाहेबांनी शेअरच्या व्यवहारांबद्दल सल्ला देणारी पेढी काढली होती. परदेशात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस! पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे असे कळताच लोक येईनासे झाले आणि पेढी बंद पडली. बाबासाहेबांची जिथे ही गत, तिथे आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातचे मीठ-पीठ कोण घेणार होते?

म्हणून १९७८ साली महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झाले, तेव्हा कुठे आपल्या काही घरांतून दुकानाचा फळा उघडला. आपल्या वस्तीपुरता का होईना, तराजू आपल्या माणसाच्या हातात आला. पायरीवरून गल्ल्यामागे जायला आपल्याला पिढ्यानपिढ्या लागल्या. आणि गल्ल्यामागे बसून जेमतेम वीस वर्षे होतात, तोच ते दुकान पेचात सापडते. बाजारपेठेतल्या जुन्या पेढ्यांकडे स्वतःची जागा आहे, सोने आहे, भाऊबंद व्यापारात आहेत. ते कापड सोडून बांधकामाच्या सामानाकडे वळतील. वहिनी कुठे वळतील?

गेल्या महिन्यात गावातल्या व्यापाऱ्यांनी मोठ्या दुकानाविरुद्ध एक दिवस बंद पाळायचे ठरवले. आमच्या महिला मंडळाचा पाठिंबा मागायला दोघे जण विहारात आले. दोघेही सभ्य माणसे. त्यांतले वयस्क गृहस्थ किराण्याचे जुने व्यापारी. माझ्या हाताखाली त्यांचा मुलगा शिकलेला. म्हणाले, "बाई, आज आम्ही बुडालो तर उद्या गाव बुडेल. गावचा पैसा गावात राहिला पाहिजे."

आमच्या मंडळातल्या एका तरुण सुनेने विचारले, "काका, तुमच्या दुकानात किती माणसं कामाला?"

"सहा."

"त्यांत आमच्या वस्तीतला कोण?"

ते थोडे थांबले. म्हणाले, "वखारीत आहेत दोघं. पोती उचलायला."

"आणि गल्ल्यावर?"

ते म्हणाले, "गल्ल्यावर घरचंच माणूस असतं, पोरी. आणि खरं सांगू, तुमच्याकडनं कुणी मागायला आलंच नाही."

"आलं असतं तर बसवलं असतं?"

त्यांनी उत्तर दिले नाही. पण रागावलेही नाहीत. खाली बघून चहा प्यायले. जाताना दारात मला म्हणाले, "पोरीनं बरोबर विचारलं." एवढे बोलायलाही मोठेपण लागते, हे मी नाकारणार नाही.

आम्ही बंदला पाठिंबा दिला का? आम्ही सांगितले, गावचा पैसा गावात राहावा हे मान्य आहे. पण गाव म्हणजे बाजारपेठेची एक गल्ली नव्हे. आमच्या वस्तीतल्या वहिनींना तुमच्या संघटनेत घ्या, घाऊक खरेदीत सामील करून घ्या, तुमच्या भावाने त्यांना माल द्या; मग आमची दुकानेही बंद राहतील आणि आम्हीही मोर्चात येऊ. त्यावर विचार करून कळवतो म्हणाले. अजून कळवलेले नाही.

आता मोठ्या दुकानातल्या नोकऱ्यांविषयी. आमच्या वस्तीतली पाच पोरे-पोरी तिथे लागली. सकाळी स्वच्छ गणवेश घालून जातात, महिन्याला ठरलेला पगार घरात येतो. आईबापांना आनंद आहे, आणि तो खोटा नाही. पण एकजण दारावर, दोघे माल लावायला, दोघी पैसे घेण्याच्या खिडकीवर. माल कोणता मागवायचा, कोणत्या भावाने घ्यायचा, हे ठरवणारा एकही नाही. ते ठरते मुंबईला. पाचही जण ठेकेदाराचे. घटनेने दिलेल्या राखीव जागा सरकारी नोकऱ्यांतल्या. कंपनीच्या दुकानाला त्या लागू नाहीत. खिडकीवरची एक पोर माझी विद्यार्थिनी. संध्याकाळी पाय सुजतात म्हणून मिठाच्या पाण्यात पाय सोडून बसलेली असते. दिवसभर उभे राहायचे, बसायला स्टूल नाही. केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली कायद्यात दुरुस्ती करून दुकानातल्या कामगाराला बसण्याची सोय देणे मालकावर बंधनकारक केले. तो लढा केरळच्या कापडदुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांनी दिला. आपल्या मुलींनीही ही गोष्ट माहीत करून घ्यावी. जादा तासांना दुप्पट दराने मजुरी आणि आठवड्याची सुटी या गोष्टी महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आहेत. पगाराची चिठ्ठी आणि भविष्यनिधीचा क्रमांक मागून घ्यायला लाजू नये.

मग आपण करायचे काय? मोठ्या दुकानात जाऊ नका, असे मी सांगणार नाही. मजुरीच्या पैशात चार रुपये वाचत असतील तर ते वाचवण्याचा गरिबाला हक्क आहे. जिथे कोणी पायरी दाखवत नाही तिथे जाण्याचाही हक्क आहे. पण डोळे उघडे ठेवून जा.

पहिली गोष्ट, घरून यादी करून जा. आम्ही दहा जणींनी पहिल्या फेरीची बिले मंडळात समोर ठेवली. वाचले किती आणि यादीबाहेरचे घेतले किती, ते मांडले. सातजणींच्या बाबतीत यादीबाहेरची खरेदीच जास्त निघाली. सहाशेचा किराणा आणायला गेलेली बाई अकराशेचे बिल घेऊन आली आणि तीनशे वाचले म्हणून खूष होती! 'दोनावर एक मोफत' वाचले की आधी विचारा, मला एक तरी हवे होते का? दर वस्तूच्या डब्यावर वजन असते, त्यावरून किलोचा भाव काढा. शाळकरी मुलांना हे गणित करायला बसवा. सुटी डाळ, तांदूळ, गूळ यांत दरवेळी मोठे दुकानच स्वस्त असते असे नाही, हे आमच्या मुलांनीच दाखवून दिले.

दुसरी गोष्ट, महिन्याच्या किराण्यातला काही भाग वस्तीतल्या दुकानातून घ्या, आणि रोखीने घ्या. रोख बायपासला आणि उधारी वहिनींकडे, ही माणुसकी नव्हे. आधीची बाकी आधी चुकती करा. ज्या दुकानाने टाळेबंदीत तुम्हाला जगवले, ते तुमच्या पुढच्या अडचणीपर्यंत टिकले पाहिजे, हा साधा स्वार्थ आहे. मोठ्या साखळ्याही अमरपट्टा घेऊन येत नाहीत. २००१ साली सुरू झालेल्या 'बिग बझार'ची देशभर दुकाने होती. कंपनी कर्जात गेली आणि २०२२ साली त्यांना कुलपे लागली. उद्या बायपासचे दुकान हिशेबात बसत नाही म्हणून हलले आणि तोवर वस्तीतले दुकान मेलेले असले, तर?

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, एकत्र खरेदी. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने हे करून दाखवले आहे. शेजारच्या काही कुटुंबांचा संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल थेट घाऊक बाजारातून आणायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा. साध्या गृहिणींनी ही पद्धत वर्षानुवर्षे चालवली. हेच दुकानदारांनाही करता येईल. आमच्या तालुक्यात आपल्या माणसांची चौदा किराणा दुकाने आहेत, असे आम्ही फिरून मोजले. चौदा जणांनी तेल, साखर, साबण एकत्र उचलले तर एजन्सीवाला दारात येऊन भाव देईल. पहिली बैठक झाली. सहाच जण आले. कोणी म्हणाले, हिशेब कोण ठेवणार? कोणी म्हणाले, पैसे अडकले तर? शंका बरोबर आहेत. आपल्या काही संस्था कशा बुडाल्या ते आपण पाहिले आहे. म्हणून पहिल्या महिन्यात फक्त तेल घ्यायचे आणि हिशेब विहाराच्या फळ्यावर लिहायचा, असे ठरले. तेल आले. वहिनींना पिशवीमागे पाच रुपये कमी पडले. अजून मोठ्या दुकानाची बरोबरी झालेली नाही, पण आता त्यांना तिथून तेल आणून विकावे लागत नाही.

चौथी गोष्ट बाजारात बसणाऱ्या भगिनींसाठी. भाजी, सुकट, बांगड्या विकणाऱ्यांचे रक्षण करणारा पथविक्रेता कायदा २०१४ साली झाला. त्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांमधून निवडलेले असले पाहिजेत, त्यांत एक तृतीयांश महिला असल्या पाहिजेत, आणि अनुसूचित जातींना योग्य प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे. बायपासला वाहनतळ हवा म्हणून तुमची टोपली उचलायला कोणी आले, तर आधी विचारा, ती समिती कुठे आहे आणि तिच्यात आमचे कोण आहे?

आणि शेवटी तिथे नोकरीला लागलेल्या मुलांना सांगणे आहे. नुसता पगार घेऊन येऊ नका, धंदा शिकून या. माल कुठून येतो, कोणता पटकन खपतो, कोणता पडून राहतो, संगणकावर साठ्याची नोंद कशी होते, हे सगळे डोळ्यांत साठवा. दारावर उभ्या असलेल्या त्या पोराला मी हेच सांगितले. तो आता सुटीच्या दिवशी वहिनींच्या दुकानातल्या मालाची यादी मोबाईलवर करून देतो. गेल्या आठवड्यात त्यांना म्हणाला, "मावशी, ही बिस्किटं चार महिने हलली नाहीत. मागवू नका." वहिनी मला म्हणाल्या, "वीस वर्षं मी असंच मागवत होते बघा."

सासूबाईंनी पुन्हा मोठ्या दुकानात जायचे नाव काढलेले नाही. एकदा पाहायचे होते, पाहिले. रोज संध्याकाळी काठी टेकत त्या वहिनींच्या दुकानाशी जातात. तिथे एकच पायरी आहे. तिच्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात आणि वहिनी भाकरी थापायला आत गेल्या की गल्ल्याकडे लक्ष ठेवतात.

तुमच्या गावात, तुमच्या वस्तीत आपल्या माणसांची दुकाने किती आहेत? पाच वर्षांपूर्वी किती होती? माहिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत एकदा मोजून पाहा आणि मला कळवा. आलेली पत्रे याच सदरात देईन.

जय भीम.